घरतदादांचं पायलट मशीन

‘हात लावू नये. काम चालू हाय. माऊस बी हलवू नये.’

ऐन कामात माझ्या कंप्युटरवर ही पाटी येऊन बसते आणि माझं डोकं फिरतं. बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या, पनवेलच्या आमच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंप्युटर सांभाळणारे घरतदादा हा मजकूर स्वतः लिहितात. सॉफ्टवेअरवाल्यांनी तिथे एखादं सभ्य वाक्य टाकायची सोय करून दिली असणार. दादांनी तिथे आपल्या ओवे गावची आगरी बोली घातली.

आमचे सगळे प्रोग्रॅम एका सर्व्हरवर आहेत. नवा प्रोग्रॅम आला की दादा आतल्या खोलीत बटण दाबतात आणि तो सगळ्यांच्या मशीनवर आपोआप जाऊन बसतो. फक्त आधी एका मशीनवर टाकून बघायचं असतं, म्हणजे बिघडलं तर एकाचंच बिघडतं. त्या मशीनला दादा ‘पायलट’ म्हणतात. आणि पायलट कोण? मी. दर वेळी मीच!

त्या दिवशी तर हद्द झाली. आमचे दोन ट्रेलर उरणला बंदराच्या गेटवर अडकलेले, ड्रायव्हर फोनवरून माझा उद्धार करतोय, कस्टमचा कागद छापायचा तेवढा बाकी, आणि समोर ‘हात लावू नये’. मी तरातरा दादांच्या खोलीत गेले. भर मे महिन्यात हा माणूस सर्व्हरसाठी लावलेल्या एसीत माकडटोपी घालून बसलेला.

“दादा, आधी काढा ते!”

“अर्धा झाला हाय. आता काढला तर ना इकडचा ना तिकडचा.”

“बाकीची माणसं काय मेलीत? माझंच मशीन दिसतं?”

“ताई, बोंबलू नका. सर्व्हर दचकतो.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. स्वतः मात्र वाट्टेल तेवढं ओरडतात. “माऊस गदागदा हलवून प्रोग्रॅम लवकर येतो काय? रिक्षा हाय ती?” असं एकदा त्यांनी साहेबांनाच विचारलं होतं.

पूर्वी ते सीडी घेऊन टेबलाटेबलाशी फिरायचे. आपल्याला उठवून आपल्याच खुर्चीत बसायचे ते तासभर हलायचे नाहीत. तेवढ्यात कुणाच्या डब्यातली सुकट चाखायची, कुणाच्या मुलीच्या स्थळाला नावं ठेवायची. तेव्हाही मी चिडायचेच. मग साहेबांनी हे नवं सॉफ्टवेअर आणलं आणि दादांच्या फेऱ्या संपल्या. आता काही अडलं तर ‘तिकीट’ टाकायचं, म्हणजे कंप्युटरवरच तक्रार लिहायची आणि गप्प बसायचं. सगळे बसतात. मला नाही जमत. मी उठून भांडायला जाते.

ट्रेलर सुटले ते संध्याकाळी. मी तडक साहेबांकडे गेले आणि माझं मशीन पायलटमधून काढा, म्हणून ठणकावून सांगितलं. साहेबांनी तिथूनच दादांना फोन लावला. दादा एवढंच म्हणाले, “काढतो.”

वाद नाही, आरडाओरडा नाही. त्यानं माझा पारा आणखीच चढला. पुन्हा त्यांच्या खोलीत जाऊन मी विचारलं, “एवढ्या सहज काढता येत होतं, तर इतके दिवस मला का छळलंत?”

दादांनी टोपी काढली, घडी केली, परत उलगडली.

“बाकीचे तिकीट टाकतात, ताई. इथून बटण दाबला का झाला काम. माणसाचा तोंड बी दिसत नाय.” मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, “तुमचा बिघडला का तुमी येता.”

असा संताप आला मला! माझे ट्रेलर, मी खाल्लेल्या शिव्या, ते सगळं एवढ्यासाठी?

“मग सरळ सांगायचं होतं, ‘ताई, येऊन बसा’ म्हणून!”

“तुमी आल्या असत्या काय?”

खरं सांगायचं तर नसते गेले.

मशीन मी पायलटमधून काढायला लावलंच. माया असेल, पण ती माझ्या ट्रेलरच्या जिवावर नको. आता रोज दुपारी डबा घेऊन त्या गारठ्यात जाते. शाल आणि माझ्याकडची सुकट, दोन्ही घेऊन जाते. दादा सुकटीत मीठ कमी आहे म्हणतात आणि तिथून आमची जुंपते.

काल काम आटपेना म्हणून मी टेबलावरच डबा उघडला. पहिला घास घेते तोच दादा समोर उभे. टोपी डोक्यावर, हातात स्वतःचा डबा.

“ताई, आज भांडायचा नाय काय?”