उसन्या कानातल्यांवरचा कर

करसल्लागार बाईच बघायची, हा निर्णय तिचाच होता. "पुरुष लोक एकमेकांना सांभाळून घेतात," ती नवऱ्याला म्हणाली, "बाई असली की कान धरून काम करून घेईल." (आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर इतकं विचारपूर्वक कुणी पाडत नाही.)

प्रकरण तसं गंभीर होतं. नवऱ्याची नोकरी होती, तिथला कर पगारातूनच कापला जायचा. पण शनिवार-रविवार घरी बसून तो लोकांच्या घरांचे नकाशे काढून द्यायचा, आणि त्या कमाईवरही कर असतो ही गोष्ट त्याने तीन वर्षं मनावरच घेतली नव्हती. आयकर खात्याची पत्रं यायची. तो ती न फोडता बाबागाडीच्या रिकाम्या खोक्यात टाकायचा. शेवटचं पत्र तिच्या हाती लागलं: थकबाकी भरा, नाहीतर बँकेतलं खातं गोठवण्यात येईल. घरभाडं, पाळणाघर, पिल्लूचं दूध, सगळं त्याच एका खात्यातून जायचं. ती स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. मग रडून, नाक पुसून, चार मैत्रिणींना विचारून तिनेच या मॅडमचा नंबर मिळवला.

आणि तिथून नवरा सुधारला. तिला खुपलं ते हेच.

ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नव्हते तो पावत्यांना भोकं पाडून त्या तारखेप्रमाणे लावू लागला. मॅडम म्हणाल्या, जुनं काही फेकू नका. मॅडम म्हणाल्या, सही निळ्या शाईत करा. मॅडम म्हणाल्या, रात्री नीट झोपा, मार्ग निघतो. (चार वर्षं ती त्याला झोप म्हणत होती. तेव्हा त्याला मोबाइल बघायचा असायचा.)

"दिसायला कशा आहेत?" तिने एकदा पिल्लूला भरवता भरवता सहज विचारलं. निदान आवाज तरी सहज ठेवला.

"कोण?"

"तुझ्या मॅडम."

"चष्मा आहे बहुतेक."

"बहुतेक? चार वेळा जाऊन आलास ना?"

"अगं, मी खाली मान घालूनच बसतो तिथे!"

खाली मान घालायचं कारण काय, हा प्रश्न तिला रात्रभर पुरला.

आणि दुसऱ्या दिवशी तो फोनवर बोलताना तिने ऐकलं, "खरं सांगू का मॅडम? तुमच्यापाशी काही लपवावंसंच वाटत नाही."

हे मात्र आरपार गेलं. बायकोपासून खोकंभर पत्रं लपवणारा माणूस एका परक्या बाईपुढे उघड्या पुस्तकासारखा! प्रेमात पडला असता तर एक वेळ परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं. हा तर विश्वासात पडला होता.

शुक्रवारी अर्जावर सह्या करायला तो मॅडमच्या ऑफिसात गेला. अर्धा तास जाऊ दिला आणि तीही निघाली. जाऊबाईंची खड्यांची कानातली ‘एका कार्यक्रमाला जायचंय’ म्हणून कालच मागून आणली होती. ठेवणीतला ड्रेस घातला, सेंट मारला, पिल्लूला कडेवर घेतलं. पिल्लूने जिना चढतानाच ठेवणीतल्या खांद्यावर दूध काढलं. तिने ओढणी फिरवून घेतली आणि दार ढकललं.

मॅडम तिच्याच वयाच्या होत्या. सुती कुर्ता, बारीक काचांचा चष्मा, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्या बघताक्षणी आवडाव्यात अशा होत्या.

"या ताई, बसा," मॅडम म्हणाल्या.

ताई! तिने खुर्ची जरा जोरातच ओढली. नवरा मात्र आयकर अधिकारीच आत आल्यासारखा खुर्चीतून अर्धा उठला होता.

"इकडे कशी गं तू?"

"आपल्या माणसाला कोण मदत करतंय ते बघावं म्हटलं," ती गोड हसली. "तसं हे मला सगळं सांगतात. फार जीव आहे यांचा माझ्यावर."

"छान," मॅडम म्हणाल्या.

"ही कानातली बघा. वाढदिवसाला आणली. नको नको म्हणत होते मी."

नवरा खोकला.

"खरी आहेत?" मॅडमनी पेन उचललं.

"म्हणजे काय! खोटं यांना चालतच नाही. आणि मार्चमध्ये समुद्रावर घेऊन गेले होते. चार दिवस. हॉटेलातून लाटा दिसायच्या."

टेबलाखाली नवऱ्याने तिच्या पायावर पाय दिला. चोराच्या मनात चांदणं, असं मनातल्या मनात म्हणून तिने पाय काढून घेतला.

"आता गाडी बघतोय आम्ही," ती म्हणाली. "मोठी."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग समोरचा अर्ज नवऱ्याकडे सरकवला.

"यात मी काय लिहिलंय? एकरकमी भरायची ऐपत नाही, घरखर्च भागवून हातात फारसं काही उरत नाही, म्हणून हप्ते करून द्यावेत. बरोबर? आणि घरात हिरे, सहली, मोठी गाडी. खोटा अर्ज मी पाठवत नाही. तुम्ही दुसरा सल्लागार बघा."

नवऱ्याचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला. पिल्लूने नेमकी तेव्हाच शिंक दिली. तिला एकदम पाळणाघराची बाई दिसली, घरमालक दिसला, बंद पडलेलं खातं दिसलं.

"जाऊबाईंची आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"कानातली. सोमवारी परत द्यायचीत. आणि समुद्रावर हे एकटेच गेले होते, ऑफिसच्या ट्रेनिंगला. मला फोटो पाठवला, त्यात सुद्धा साहेबच जास्त."

"आणि गाडी?"

"बघतो म्हणजे... खिडकीतून बघतो. समोरच्यांची आहे."

मॅडमनी टोपण काढलं नाही. "मग यांनी तुम्हाला काय आणलं, ते एकदा खरं सांगा."

आता तिला वाचा फुटली. बढाईला जी धार आली नव्हती ती आली. "मागच्या वाढदिवसाला कुकरची रिंग आणली हो! तीही दुसऱ्या मापाची. लग्नाच्या वाढदिवसाला म्हणाले, ‘आपल्यात कुठे दिखावा लागतो?’ सिनेमा बघून वर्ष झालं, तोही मध्यंतरात उठून आलो, ही रडत होती म्हणून. माझ्या चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा शिवलाय, हा बघा!" आणि तिने खरोखरच पाय वर केला.

मॅडमनी चपलेकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच हसल्या.

"ताई, हे तुम्ही आधी का नाही आलात सांगायला?" त्या झरझर लिहू लागल्या. "यांच्या तोंडून मला दोन ओळी मिळत नव्हत्या. पत्नीचं निवेदन म्हणून जोडते. ऐका हं. ‘मला दागिन्यांची, प्रवासाची वा कोणत्याही चैनीची हौस नाही व अपेक्षाही नाही.’ चालेल?"

"चालेल!" ती म्हणाली आणि लफ्फेदार सही ठोकली. निळ्या शाईत. अधिकारी दोन वर्षांचे हप्ते नक्की देतील, असं मॅडमनी सांगितलं. नवरा तिच्याकडे असा बघत होता की तिला वाटलं, झालं, जिंकले. खाली मान घालून नव्हता बघत.

जिन्यात त्याने पिल्लूला तिच्याकडून घेतलं.

"तू इतकी साधी आहेस हे मला माहीतच नव्हतं गं," तो म्हणाला. "आणि मी वेडा, परवा मॅडमना विचारून तुझ्या कानातल्यांसाठी थोडे पैसे बाजूला काढून ठेवले होते."

ती दोन पायऱ्यांवर दोन पाय ठेवून थांबली.

"बरं झालं, वेळेत सही केलीस," तो पाठीवर थोपटत म्हणाला. "थांब, त्यांना सांगून येतो. पहिल्या हप्त्याची सोय झाली."