व्याह्यांची दाढ

मोताळ्याच्या वामनरावांनी मुलाच्या लग्नात रुसायचं नाही असं ठरवलं, तेव्हा अख्ख्या भावकीला हसू आवरेना. रुसण्यात हा माणूस नामांकित! मेव्हण्याच्या लग्नात ते भरल्या पंगतीवरून उठले होते, पुतण्याच्या लग्नात चिंचेखाली जाऊन बसले होते. पण या खेपेला नवरदेवानं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका इंद्रभाननं, हात जोडले. वामनरावांनी खंडोबाची आण घेतली. "या लग्नात मी रुसलो तं मले बाप म्हणू नको."

वामनरावांची दाढ तेव्हाच ठणकत होती. बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखवा म्हणून त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, कानीकपाळी ओरडून पाहिलं. वामनराव ऐकतात होय! त्यांनी दाढेत लवंग दाबली, लवंगेवर तंबाखू दाबली, आणि वऱ्हाड देऊळघाटला निघायच्या वेळी ठणका एकदम थांबला.

"पाह्य, गेली का नाही? दाताच्या दुखण्याले डाक्टर कायले पाह्यजे?" असं म्हणत ते ऐटीत गाडीत चढले.

लग्नाच्या सकाळी उताऱ्यावर जाग आली तर डावा गाल कानापासून हनुवटीखालपर्यंत सुजलेला, अंगात ताप आणि तोंड काही केल्या उघडेना. भिंत गार होती. वामनराव सगळ्यांकडे पाठ करून भिंतीला गाल लावून बसले. तेवढ्यात मुलीचे वडील शेषराव फराळाला बोलवायला आले. पाठमोऱ्या व्याह्यांचं फुगलेलं तोंड ओझरतं दिसलं आणि त्यांनी ओळखलं, हे रुसले. वामनरावांची कीर्ती देऊळघाटपर्यंत पोचलेली होतीच.

व्याही रुसला की त्याची समजूत काढायची, मग मुलीच्या बापानं आपल्या हातानं गोड घास भरवायचा. तो घास गिळेपर्यंत गावाची पंगत बसत नाही. शेषरावांनी धोतरजोडी आणली, वामनरावांनी मान हलवली. जरीचं पागोटं आणलं, तरी मान हलली. दुभती गाय दावणीची सोडून दारात उभी केली. तेव्हा वामनरावांनी डोळ्यांत पाणी आणून गळ्याला हात लावला. बिचाऱ्यांना सांगायचं होतं की थुंकीसुद्धा गिळवत नाही. शेषरावांनी सुस्कारा टाकला आणि आपल्या गळ्यातला सोन्याचा गोफ काढून त्यांच्या गळ्यात घातला.

वामनराव हुंदके देऊ लागले. त्यांचा धाकटा भाऊ कडूबा जाणकारपणे म्हणाला की दादा आता पाघळला, लगेच घास भरवा. चौघांनी व्याह्यांचे हातपाय धरले आणि शेषरावांनी बुंदीचा लाडू मिटल्या दातांवर दाबला. बंद तोंडातून निघालेली ती आरोळी ऐकून दारातल्या गाईनं दावं तोडलं! वामनरावांच्या लाथेनं परात उडाली. लाडू अंगणभर झाले.

मग मुलीकडचा कोणी तरी म्हणाला, हा अपमान झाला, सोयरीक मोडा. इंद्रभान बाशिंगासकट धावत आईकडे गेला.

मनकर्णाबाई पदर खोचून आल्या. इतका वेळ त्या बायकांत बसून 'रुसू द्या, थकला की उठेल' म्हणत होत्या. आता मात्र त्यांनी नवऱ्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला, आधी पाणी आणि मग खरडपट्टी, असा बेत. पाणी ओठांवरून खाली आलं, सोबत लाळ आली. रुसल्यावर हा माणूस तांब्यावर तांब्या रिचवतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं. दातांत करंगळी घालून पाहिली, ती शिरेना. जबड्याखालची सूज दगडासारखी लागली, तशा त्या मागे वळून ओरडल्या.

"हे रुसले नाहीत हो. यायले गिळता येत नाही. दमणी जुंपा, आत्ताच."

कोणी म्हणालं, मुहूर्त होऊन जाऊ द्या.

"नवरा हाये, नवरी हाये, लगन लागते. माणूस गेल्यावर मी कोणावर रागावू?"

शेषरावांनी स्वतः त्या हलक्या गाडीला बैल जुंपले. बुलढाण्यापर्यंत मनकर्णाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन शिव्या देत होत्या आणि रडत होत्या. डॉक्टरांनी गळू फोडलं, दाढ उपटली. मग त्यांनी बजावलं की नुसता ठणका असेल तर एखादा दिवस थांबता येतं, पण सूज गळ्याकडे उतरली, ताप चढला, तोंड उघडेना, गिळवेना, तर तासभरही थांबायचं नसतं. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असंही नसतं. आणखी एक रात्र काढली असती तर श्वासच अडकला असता. वामनरावांनी हे सगळं मध्ये न बोलता ऐकलं. जन्मात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ते देऊळघाटला परतले तेव्हा लग्न लागलेलं होतं. पंगती उठल्या होत्या. जो तो लाडवांची तारीफ करत होता. मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातला गोफ काढून शेषरावांना परत दिला आणि नवऱ्याच्या पुढ्यात पेजेची वाटी ठेवली. आपल्यावाचून लग्न लागलं, कोणाचं काही अडलं नाही! वामनरावांना भरून आलं, मग संताप आला. ते मांडवाच्या कोपऱ्यात गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले.

शेषराव लगबगीनं आले. वाकून त्यांनी व्याह्यांचा डावा गाल पाहिला, मग उजवा पाहिला.

"सूज पार उतरली!" ते आनंदानं सगळ्यांना म्हणाले. "व्याही एकदम खुश हायेत."

आणि ते बैलांना वैरण टाकायला निघून गेले. वामनरावांनी आणखी थोडा वेळ बसून पाहिलं. गाड्या निघायला लागल्या तेव्हा ते आपणहून उठले आणि मुकाट्यानं शेवटच्या गाडीत चढले.