हळू जागेतला ठोका

नव्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, सगळ्या गिटारी गप्प होऊन एकटीच एक उरते नेमक्या त्या जागी, स्पीकरमधून 'ठक्' असा आवाज आला आणि डोळे मिटून बसलेला कान ताडकन उठला.

कान हे त्याचं टोपणनाव. हेवी मेटल ऐकणाऱ्यांच्या ज्या ग्रुपवर तो रोज संध्याकाळी लिहायचा, तिथे त्याला सगळे याच नावाने ओळखत. आपण ते लावून घेतलेलं नाही, लोकांनी दिलंय, हे तो आडून आडून सांगायचा. पोटापाण्यासाठीही त्याने कानच धरला होता. कानाच्या डॉक्टरांकडे तो ऐकण्याची तपासणी करायचा. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, "आवाज आला की बटण दाबा" म्हणायचं आणि काचेबाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. दिवसभर तो लोकांना काय ऐकू येतं ते विचारायचा. त्याला काय ऐकू येतं हे विचारणारं कोणी नव्हतं. लग्न राहून गेलं होतं. बहीण लांब. ती फोनवर "अजून ते ढणढण चालूच का रे?" एवढं विचारून भाच्यांच्या परीक्षांकडे वळायची. घरात भिंतभर रेकॉर्डी होत्या आणि खुर्ची एक. दुसरी घ्यावी असं त्याच्या मनात यायचं, पण तिच्यावर बसणार कोण, हेही लगेच मागोमाग यायचं.

त्यामुळे जे काही होतं ते ग्रुपवर. तिथे त्याच्या मताला वजन होतं. कुठल्याही बँडचे पहिले तीन अल्बम खरे, बाकीचे सवयीने काढलेले, असं तो लिहायचा. गायक किंचाळायचा थांबून गायला लागला की समजावं, त्याला आता घरी जायची घाई झालीय. रंगीत रेकॉर्डी मुलांना खेळायला द्याव्यात. आणि जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीबद्दल त्याचं एक वाक्य ग्रुपवर म्हणीसारखं चालायचं: "जुन्या घराला नवा रंग दिला की भेगा जातात, आणि घरही जातं."

'गंजलेला सूर्य' हा त्याचा जीव की प्राण असलेला अल्बम. जुनी रेकॉर्ड त्याने इतकी वाजवली होती, की ती हळू जागा आता तळणीसारखी चरचरायची. म्हणून नवी आवृत्ती निघाल्या निघाल्या त्याने मागवली आणि ग्रुप त्याच्या मताची वाट बघत बसला. त्याने लिहिलं, "ढोल दारात येऊन उभे राहिलेत, गिटार मागे मोरीत गेलीय. आवाज मुळातच इतका चढा, की बटण नेहमीपेक्षा खाली ठेवावं लागतं. त्यातून हळू जागेत एक ठोका आलाय. छपाईतला दोष."

"ढोलच तर मस्त आलेत," जल्लादने लिहिलं. जल्लाद हा ग्रुपवरचा सगळ्यांत जहाल माणूस. "आणि ठोकाबिका काही नाही माझ्या कॉपीत."

"माझ्याही नाही," मास्तरने लिहिलं. "सुई बघ तुझी."

कानाने सुई पुसली. मग बदलली. प्लेयरखाली पाणपातळी ठेवून टेबल सरळ आहे का पाहिलं. संध्याकाळी पुन्हा रेकॉर्ड लावली, आणि हळू जागेत पुन्हा ठक्. त्याने सुई उचलली आणि थेट कंपनीला कळवलं.

कंपनीने निमूटपणे दुसरी कॉपी पाठवली. तिच्यातही ठोका होता, फक्त थोडा पुढे सरकलेला. "ठोका जागचा हललाय," कानाने ग्रुपवर कळवलं. "म्हणजे या कारखान्यात चुकांनासुद्धा शिस्त राहिलेली नाही." तिसरी कॉपी आली. तिच्यात दोन ठोके होते, आणि दुसरा जरा रागावल्यासारखा.

"सर, दोष असेल तर एकाच जागी असायला हवा ना?" कंपनीतली बाई फोनवर म्हणाली.

"तेच तर मी म्हणतोय," कान म्हणाला.

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. पण जे स्पीकरमधून येतं ते रेकॉर्डमध्ये असतं, यावर कानाची श्रद्धा होती, आणि श्रद्धेपुढे शहाणपण चालत नाही. हेडफोन लावून बघ, असं मास्तरने सुचवलं. कानाने साफ नकार दिला. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यावर चढवायची वस्तू घरी येऊन आपल्या डोक्यावर कोण घेईल? मग जल्लादने ते वाक्य लिहिलं. "राग मानू नकोस, पण एकदा कान तपासून घे."

ते वाक्य त्याला फार लागलं. त्या दिवशी तो जेवलाही नाही. बाकी सगळ्यांत तो कमी होता हे त्याला मान्य होतं. दिसण्यात, बोलण्यात, माणसं जोडण्यात. पण ऐकण्यात नाही. तेवढंच तर त्याच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जेवायला गेल्यावर तो स्वतःच बंद खोलीत जाऊन बसला आणि काउंटरवरच्या ताईंना यंत्रापुढे बसवलं.

"आवाज आला की बटण दाबा," ताई म्हणाल्या.

"मला माहितेय, ताई."

"माहितेय हो. पण सांगावं लागतं."

तपासणी झाली. आलेख असा सरळ आला, की तसा कोवळ्या पोरांचाही येत नाही.

"फक्त एकदा तुम्ही उगाचच दाबलंत," ताई म्हणाल्या. "मी आवाज सोडलाच नव्हता."

"आला होता आवाज. बारीक, करकर असा."

"ते माझ्या खुर्चीचं चाक. मी पाणी घ्यायला सरकले तेव्हाचं."

"बघा," कान समाधानाने म्हणाला, "म्हणजे तेसुद्धा ऐकू आलं." यातून त्याने काही वेगळं शिकायला हवं होतं, पण त्याने आलेख ग्रुपवर टाकला.

मग मास्तरने लिहिलं, "ठीक. मी आणि जल्लाद येतो रविवारी संध्याकाळी. तुझ्या घरी, तुझ्या प्लेयरवर ऐकतो. सोक्षमोक्ष लागू दे."

कानाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. गॅसची नळी तपासायला येणारा सोडला तर त्याच्या घरी कोणी येऊन किती काळ लोटला होता, ते त्याला आठवेना. त्याने फरशी पुसली, पडदे धुतले, रेकॉर्डी सालाप्रमाणे लावल्या आणि मग बँडप्रमाणे लावल्या. ठोका आला की जल्लाद काय म्हणेल, मास्तर काय म्हणेल, मग आपण कसं फक्त हसायचं, हेही ठरवून ठेवलं. एवढं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की माणसं तीन आणि खुर्ची एक.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्याही एकट्याच. मापं द्यायला येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे खुर्च्या होत्या. जिन्यात दिसलं की मान हलवायची, यापलीकडे दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं. त्याने दार वाजवलं.

"काकू, दोन खुर्च्या मिळतील का? रविवारपुरत्या."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाहुणे येणारेत?"

"हो."

"तुमच्याकडे?"

"हो."

"बरं झालं हो," काकू मनापासून म्हणाल्या. "न्या की. तुमची ती गाणी लावणार असाल?"

"लावणार आहे. तुम्हाला त्रास होत असेल तर..."

"आमच्या त्रासाचं सोडा. पाहुणे आहेत, निवांत ऐका."

रविवारी दोघे आले. जल्लाद हा लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर निघाला. बारीक, मऊ आवाजाचा. त्याने बूट एकाशेजारी एक नीट लावले आणि "हात कुठे धुऊ?" असं विचारलं. मास्तर दार भरेल एवढा होता. तिघे खुर्च्यांवर ओळीने बसले आणि कानाने पहिली कॉपी लावली. गिटारी गरजल्या, ढोल धडधडले, गायक किंचाळला. मग सगळं शांत झालं आणि हळू जागा सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदाच, एखादी रेकॉर्ड खराब निघू दे म्हणून त्याने मनातल्या मनात हात जोडले.

गिटार वाजत राहिली. स्वच्छ, एकटी. तिने आपलं म्हणणं संपवलं आणि ढोल परत आले.

"पुन्हा लावतो," कान म्हणाला.

पुन्हा काही नाही. दुसरी कॉपी, काही नाही. तिसरी, जिच्यात दोन ठोके होते, तिच्यात एकही नाही. ते दोघे हसले असते तरी चाललं असतं. ते हसले नाहीत, प्रेमाने वागले.

"होतं असं," मास्तर चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "माणूस एकटा राहिला की घर वाजायला लागतं."

"दिवसभर ते बारीक आवाज ऐकायचे म्हणजे कानाला ताण येतच असेल," जल्लाद म्हणाला. पेशंट पोरांना तो ज्या आवाजात तोंड उघडायला सांगत असेल, तोच आवाज होता.

"पुन्हा या," कान दारात म्हणाला.

"येऊ की," दोघे म्हणाले. येणारी माणसं असं म्हणत नाहीत. खिडकीतून ते दोघे कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बघत राहिला. ग्रुपवर आता आपण काय लिहायचं आणि ते कोण वाचणार, हे त्याला कळेना. घर एवढं लखलखीत पुसलेलं होतं, की त्यात कोणी नाही हे जास्तच दिसत होतं. शेवटी तो दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन खाली गेला.

"लवकर गेले हो पाहुणे," काकू म्हणाल्या.

"हो."

"मी आज मुद्दाम ठोकलं नाही."

"काय?"

"छताला. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही ते." काकूंनी मशीनमागून पडद्याचा एक जुना दांडा काढून दाखवला. रंग उडू नये म्हणून त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली होती. छतावर, त्याचं टेबल जिथे असेल बरोबर त्याखाली, एक मळका गोल डाग पडला होता.

कान हातातल्या खुर्चीवरच बसला. एका क्षणात त्याला तीन कॉपी, बदललेली सुई, कंपनीतली बाई आणि ताईंच्या खुर्चीचं चाक, सगळं ओळीने दिसलं. खालचा ठोका छतातून टेबलात, टेबलातून सुईत आणि सुईतून स्पीकरमध्ये.

"एवढा त्रास होत होता तर वर यायचं होतंत, काकू," तो म्हणाला. "मी केला असता आवाज कमी."

"कमी? अहो, वाढवा म्हणून ठोकत होते मी."

कानाला पहिल्यांदाच कानांवर विश्वास ठेवता येईना.

"तुमचं ते धाडधाड चालू असलं की जाड कापड भराभर होतं," काकू म्हणाल्या. "पाय आपोआप चालतो. मग ती एकटी तार वाजते ना, तेव्हा मी मशीन थांबवते. दोरा ओवायचा, जरा ऐकायचं. पण हल्ली तेवढंच ऐकू येत नाही. ठोकलं की तुम्ही चिडून बंदच करता."

"मी चिडत नव्हतो."

"जुनी होती तीच बरी होती. चरचरायची जरा, पण हळू ते हळू आणि मोठं ते मोठं. या नव्यात तो ढोलवाला दारातच येऊन उभा राहतो. आत कोण आहे ते दिसूच देत नाही."

कान त्यांच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो लिहीत होता, पण त्याचं म्हणणं इतकं नेमकं आजवर कोणाला कळलं नव्हतं.

"काकू, एकदा वर येऊन ऐका ना," तो म्हणाला. आपण कोणाला असं म्हणू, असं त्यालाच कधी वाटलं नव्हतं.

"नको बाई. वर फार मोठं असणार ते. मला खालूनच बरं." त्याचा चेहरा पडला असावा, कारण काकू लगेच म्हणाल्या, "तुम्हीच ऐका की इथून. म्हणजे बटण कुठवर हवं ते कळेल तुम्हाला."

तो वर गेला, बटण रोजच्या जागी ठेवलं, दुसरी बाजू लावली आणि धावत खाली येऊन खुर्चीवर बसला. छतातून ढोल येत होते, नुसते ढोल. काकूंनी मशीनवर पाय ठेवला आणि कापड भराभर सरकायला लागलं. थोड्या वेळाने ढोल थांबले. काकूंनी पाय उचलला, दोरा जिभेला लावून टोकदार केला आणि सुई उजेडात धरली. कानाने आपले आलेखाने सिद्ध झालेले दोन्ही कान टवकारले. वर गिटार वाजत होती, तिचा सूर न् सूर त्याला पाठ होता, आणि त्यातला एकही खाली येत नव्हता.

त्याला अगदी राहवेना. त्याने दांडा उचलला आणि छताला ठोकलं. मग अजून एकदा, जरा रागाने.

दोघं वर बघत थांबली. काही फरक पडला नाही.

"बघितलंत?" दोरा ओवता ओवता काकू म्हणाल्या. "वरच्यांना ऐकूच येत नाही."