कर्णिक आणि पेटीतली हवा

उदबत्ती देवासमोर लावतात. आमचे कर्णिक ती कॉम्प्युटरसमोर लावत. भक्तीबिक्ती काही नाही. धूर कुठून आत शिरतो, कुठे घुटमळतो आणि कुठून बाहेर पडतो, ते बघायला. ऑफिसातल्या सत्यनारायणाला तर या माणसाने पूजेतली पेटती उदबत्तीच उचलून नेली. गुरुजी नुसते "अहो, अहो" करत राहिले.

महाप्याला आमचा कारखाना. टेलिफोन एक्स्चेंजला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या आम्ही बनवायचो. त्या तापू नयेत म्हणून आत तळहाताएवढे पंखे बसत. मी स्टोअर्सला, त्यामुळे पंखे माझ्या ताब्यात आणि कर्णिक माझ्या डोक्यावर.

"पाटील, खोक्यावर छापलेली हवा खरी मानू नका. ती मोकळ्यावरची! पेटीत तारा, प्लेटा आडव्या आल्या की हाच पंखा किती ढकलतो, ते बोला."

ते कळावं म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं लांबलचक भुयार केलं होतं. एका तोंडाला पंखा लावायचा, दुसरं तोंड हळूहळू झाकत न्यायचं आणि हवा किती उरली ते मोजायचं. मग ते आकडे कॉम्प्युटरला भरवून कुठल्या पेटीला कुठला पंखा पुरेल, याचं गणित. सकाळी घातलेल्या गणिताचं उत्तर जेवणानंतर यायचं. एकदा आलंच नाही. कॉम्प्युटरच तापून बंद पडला होता, त्याच्याच पंख्यात धूळ अडकलेली! मी पोट धरून हसलो. कर्णिक उलटे खूश. "बघा, मी काय सांगत होतो!"

साहेबांच्या मुलीच्या लग्नात, वाशीला, "हवा चुकीच्या बाजूने येते" म्हणत यांनी उभा पंखा फिरवला आणि अंतरपाट गेला थेट भटजींच्या डोक्यावर. साहेबांनी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं.

पण माणसाची किंमत साहेबांना ठाऊक होती. कंपनीने बंगळूरला फक्त याच गणितासाठी नवा विभाग काढला. मोठा कॉम्प्युटर, पत्र्याचं पक्कं भुयार, आणि प्रमुख कर्णिक. इतकी वर्षं हा माणूस त्यासाठीच तर झुरत होता. आणि पठ्ठ्या चक्क नाही म्हणाला! कारण विचारलं तर "जमत नाही," एवढंच. साहेब भडकले. "पाटील, सोमवारपर्यंत त्याला हो म्हणायला लावा, नाहीतर ती खुर्ची दुसऱ्याला."

रविवारी दुपारी नेरुळला त्यांच्या घरी गेलो. मे महिना, अंगाची नुसती काहिली, आणि छताचा पंखा बंद. खाटेवर वहिनी उशांना टेकून बसलेल्या. त्यांना दमा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. अंगावर वारा आला की धाप लागायची, हवा कोंडली की जीव घाबरा व्हायचा. खिडकीच्या वरच्या अंगाला मीच दिलेले बाद पंखे ओळीने बसवले होते, गरम हवा बाहेर ओढत. मला वाटलं होतं, प्रयोगाला नेतात. खोलीत उकडत नव्हतं, आणि वारा लागतो का ते कळायला वहिनींच्या उशाशी बांधलेला रेशमाचा दोरा जराही हलत नव्हता.

"भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना," वहिनी थांबत थांबत म्हणाल्या. "जा म्हणावं बंगळूरला. मला तिथली हवा सोसायची नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी राहीन बहिणीकडे."

"तिच्याकडे सगळ्यांना डोक्यावर पंखा लागतो," कर्णिक म्हणाले. "तिथे हिला कोण विचारणार?"

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींचा डोळा लागला. कर्णिकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"किती दिवसांनी झोपली हो," ते पुटपुटले. "आता बोलू नका."

डोळे भरले होते त्यांचे. माझेही. मी चपला हातात घेऊन जिना उतरलो, आणि सोमवारी साहेबांना म्हटलं, ती खुर्ची दुसऱ्याला द्या.