मागच्या अंगणातले सहा ते सात

दुपारी तीन वाजता चंद्रभानजींनी मागच्या भिंतीला शिडी लावली, आणि ती पाहून रोहित हातातलं काम टाकून अंगणात आला. शिडीखाली सदर बाजारातून आणलेलं वायफायचं पांढरं यंत्र होतं, आणि वायरीचं भलंमोठं वेटोळं.

"तुयासाठीच करून राहिलो," वडील म्हणाले. "रोज सहाले पेरूखाली बसतोस, मोबाइलले रेंज नाही. मले दिसते ना गा. आता घरातलं वायफाय थेट अंगणात. अन् याले वेगळी लाइट लागत नाही. एकाच वायरमधून नेटही जाते अन् करंटही."

रोहित पुण्याच्या कंपनीचं काम घरून करी. त्याच्या साहेबांना बरोबर सहा वाजता मीटिंग सुचत असे. तीन महिन्यांपूर्वी रोहितने ठोकून दिलं होतं, "सर, आमच्याकडे सहा ते सात लाइट जाते." तेव्हापासून तो तास त्याचा होता. शाळेत शिकवून दमून आलेली त्याची बायको अपेक्षा आणि तो, पेरूखाली, धुण्याच्या दगडावर बसून चहा घेत. अख्ख्या घरात रेंज न येणारी तेवढीच जागा. नोकरी आणि संसार, दोन्ही त्या एका थापेवर सुखाने चाललं होतं.

थाप उघडी पडली तर नोकरी जाणार, हे होतंच. पण त्याला खरी भीती वडिलांची होती. चंद्रभानजींनी बत्तीस वर्षं वीजखात्यात काढली होती. गल्लीत कुणी नुसतं 'लाइट गेली' म्हटलं, तरी ते जेवणावरून उठत.

"आतलं मी जोडतो, बाबा," म्हणत रोहित घरातल्या छोट्या डबीपाशी गेला. वायरीत करंट सोडायचा तो तिथूनच. दोन भोकं, दोन वायरी. त्याने त्या शांतपणे उलट्या खोचल्या. बाहेरचा दिवा काही लागला नाही.

सुटलो, असं त्याला वाटलं. पण ज्या माणसाने जन्मभर फॉल्ट शोधले, तो डबीपुढे कसला हार मानतो? त्यांनी आपल्या हाताखालच्या जुन्या लाइनमनला, धोंडबाला, बोलावून घेतलं. धोंडबाने चष्मा लावला आणि डबीवरची अक्षरं वाचली.

"साहेब, वायरी उलट्या लागल्या."

"तू इंजिनियर आहेस ना गा?" वडिलांनी रोहितला विचारलं.

"हो," रोहित म्हणाला, पण जरा हळूच.

सहाला पाच कमी असताना भिंतीवर हिरवा दिवा लागला. रोहित फोन बंद करायला धावला, तर फोन वडिलांच्याच हातात. ते अंगणभर फिरून रेंज मोजत होते. अपेक्षा चहा घेऊन आली आणि हिरवा दिवा पाहून जागीच थबकली. बरोबर सहाला फोन वाजला.

"पाह्य, फोन कसा येते," म्हणत चंद्रभानजींनी स्वतःच बटण दाबलं आणि फोन रोहितच्या तोंडासमोर धरला.

"ऑनलाइन दिसलास म्हणून केला," पडद्यावरून साहेब म्हणाले. "आज लाइट आहे वाटतं? आणि हे वडील का? नमस्कार काका. तुमच्याकडे म्हणे तीन महिने रोज सहा ते सात लाइट जाते. खरंय का हो?"

धोंडबाने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि नजर पेरूच्या शेंड्याला लावली. चंद्रभानजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेच्या हातातल्या दोन कपांकडे, मग धुण्याच्या दगडाकडे. रोहितला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"थांबा, पाहून सांगतो," ते पडद्याकडे बघून म्हणाले, फोन रोहितच्या हातात दिला आणि आत गेले.

साहेब वाट बघत होते. रोहित कसनुसं हसत होता. तेवढ्यात साहेबांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी थिजला. भिंतीवरचा हिरवा दिवा विझला, स्वयंपाकघरातला पंखा थांबला, आणि आतून आईचा, गोपिकाबाईंचा, आवाज आला, "अवो, मेन स्विच काहून पाडला?"

चंद्रभानजी सावकाश बाहेर आले. कुणाकडेही न बघता दगडावर बसले आणि अपेक्षाच्या हातातून रोहितचा कप घेतला.

"लाइट गेली," ते म्हणाले. हे वाक्य उच्चारताना त्यांना फार त्रास झाला, हे दिसत होतं.

चहाचा एक घोट झाला. मग त्यांनी मुलाला विचारलं, "सातले येते ना?"