लाल पाणी आणि आप्पांचं चुंबक

चहा आला की आप्पा गांगुर्डे आधी त्यात चुंबक बुडवतात. डबा उघडला की भाजीतसुद्धा. "डोळ्याचं काय खरं नाय, चुंबक खोटं बोलत नाय," हे वर. एकदा माझ्या मेथीतून त्यांनी तारेच्या घासणीचा तुकडा काढून दाखवला. घरी मी तो विषय काढला आणि दोन दिवस कँटीनमध्ये जेवलो.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सूत रंगवतो. मी भांडारात, आप्पा सांडपाण्यावर. पाणी लाल सुटायचं आणि ओढ्याखालच्या गावात आप्पांच्या बहिणीची, सखूबाईंची, विहीरही लाल व्हायची. "विहीर लाल तोवर मला भाऊ नाय," म्हणून तिने भाऊबीज बंद केली. तेव्हापासून हा माणूस पछाडला. कॉलेजातल्या एका मॅडमना गाठून काळी भुकटी करायला शिकला. त्यातला कोळसा रंग धरून ठेवतो, कोळशावर चढवलेलं लोखंड चुंबकाकडे धावतं, पाणी मोकळं. आम्ही हसायचो. चुकलंच आमचं.

परवा प्रदूषणवाले साहेब तपासणीला आले. पाणी नितळलं नाही तर कारखान्याला टाळं, असं त्यांनी दारातच बजावलं.

आप्पांनी काचेच्या बरणीत लाल पाणी घेतलं, भुकटी ढवळली. आता ते काळंकुट्ट झालं. बरणीला बाहेरून चुंबक लावून आप्पा उकिडवे बसले. साहेब घड्याळ बघत होते. काळं हळूहळू एका बाजूला गोळा व्हायला लागलं आणि नेमकं आमच्या मालकांना, शेठना, राहवलं नाही. "बघू, बघू" करत त्यांनी चुंबकच उचललं! सगळं काळं पुन्हा पाण्यात.

"हात काढा, शेठ!" आप्पा ओरडले. जन्मात कधी शेठपुढे मान वर न केलेला माणूस.

पुन्हा चुंबक, पुन्हा वाट. शेवटी बरणीपलीकडची साहेबांच्या शर्टाची बटणं मला मोजता आली.

साहेब सही करून गेले. शेठनी पेढे मागवले, तर आप्पा गायब. टाकीमागे सापडले, हातात फोन.

"तू लाव तुझ्यावरून. माझा नंबर ती उचलत नाय."

मला भरून आलं. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला, सगळं सांगितलं.

"विहीर अजून लालच हाय," सखूबाई म्हणाल्या.

आप्पांनी मान खाली घातली.

"मग काय सांगू त्यांना?" मी विचारलं.

"सांगा, येताना प्यायचं पाणी घेऊन ये म्हणावं. जेवण माझ्याकडं."