दातवाल्या फुलाचं बारसं

पुंडलिकराव म्हात्र्यांनी गच्चीवरच्या एकाच कळीला तीन बायकांची नावं कबूल केली होती, आणि तिघीही घरातल्याच होत्या. बाहेरच्या असत्या तर निदान पळून तरी जाता आलं असतं.

रोह्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त होऊन पेणच्या घरी बसल्यावर त्यांना डेलिलीचा नाद लागला. डेलिली म्हणजे सकाळी उमलून संध्याकाळी मान टाकणारं फूल. या फुलाचा पराग चिमट्याने त्या फुलाला लावायचा, बी धरायचं, रुजवायचं आणि दोन-तीन वर्षं वाट बघायची, की कधीतरी कुणी न पाहिलेलं काही निघेल. पुंडलिकरावांना गुलाबी पाकळी आणि तिला सोनेरी झालर हवी होती. आजवर निघालं ते सगळं नारिंगी निघालं होतं.

गच्ची कागदोपत्री त्यांची असली तरी पापड त्यांच्या बायकोचे, जनीबाईंचे होते, आणि पेणमध्ये ऐन उन्हाळ्यात पापडांची गच्ची कुंड्यांनी अडवायची म्हणजे चालत्या हॉटेलात टेबलावर झोपायचं. शेवटी जनीबाईंनी बजावलं, "या खेपेला काय धड निघालं नाय, तर कुंड्या खाली. आनि मला विचारू नका, खाली कुठं."

गच्ची गेली की ऊन गेलं आणि ऊन गेलं की बाग गेली. घाबरून पुंडलिकराव म्हणाले, "अगो, पहिलं झकास फूल आलं की तुझंच नाव देतो. जगभरच्या लिलीवाल्यांत गाजशील!"

जनीबाई विरघळल्या, पण बेतानेच. "माझं नाव लागलं तर गच्ची तुमची. नाय लागलं तर माझी."

इथवर सगळं ठीक होतं. पण खांब गावच्या थोरल्या बहिणीने, धर्मीबाईंनी, शेणखत पाठवायला कुरकुर केली तेव्हा नाव त्यांनाही कबूल झालं. पनवेलच्या सूनबाईंनी, मनस्वीने, परदेशी रोपं ऑनलाइन मागवून दिली तेव्हा तिलाही. माणूस वाईट नव्हता. समोर जी असेल तिला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, इतकंच.

कळी फुगली तशी त्यांनी एक युक्ती काढली. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या हिरामणकडून तीन पाट्या रंगवून घ्यायच्या, फूल उमललं की एकेक पाटी लावून तीन फोटो काढायचे आणि जिचा तिला दाखवायचा. "पाट्या मी येऊन नेईन हां, घरी आनू नको," असं त्यांनी हिरामणला दोनदा सांगितलं. पण हिरामण पडला माणुसकीचा माणूस. काकांना उन्हात कशाला खेप, म्हणून शनिवारी स्वतःच पाट्या घेऊन दारात उभा राहिला.

"तीन?" जनीबाईंनी विचारलं.

"व्हय काकी. सोनेरी मारलाय, देवाच्या मुकुटाला मारतो तोच. जनी, धर्मी, मनस्वी. तिघी बहिनी काय?"

जनीबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी शांतपणे खांबला आणि पनवेलला फोन लावला. "उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाने, तुझ्या सासऱ्याने, फुलाचं बारसं मांडलंय."

रविवारी सकाळी धर्मीबाई घुगऱ्यांचा डबा घेऊनच उतरल्या. मनस्वी नवी साडी नेसून नवऱ्याला, निकेशला, फोटो काढायला घेऊन आली. रोह्याहून मुसाभाई आले. पुंडलिकरावांच्या शिफ्टमधला हा जुना दोस्त, आणि लिलीचा नाद मूळ त्याचाच. फोटो आणि नाव लिलीवाल्यांच्या मंडळाला तोच पाठवणार होता.

"नाव एकच द्या," मुसाभाईंनी बजावलं. "एकदा गेलं की बदलत नाय. आनि बहर सरला की वर्षभर नुसतं नावच वाचायचं."

"नाव द्यायचा मान आत्याचा!" धर्मीबाई गरजल्या. "भावाच्या घरात काय बी जल्माला येऊ दे, आत्याच नाव देनार!"

"वन्सं, पापड मी कुठं वाळवले ते मला विचारा," जनीबाई म्हणाल्या. "या कळीच्या पायी मी दुसऱ्यांच्या पत्र्यावर चढलेय!"

"आई, रोपंच मी मागवली नसती तर कळी कुठून आली असती?" मनस्वीने शांतपणे विचारलं.

भांडत भांडत सगळी वरात गच्चीवर पोचली. पुंडलिकरावांनी देवाचं नाव घेतलं आणि कळीवरचा रुमाल काढला.

फूल उमललं होतं. ते गुलाबी नव्हतं आणि सोनेरी तर मुळीच नव्हतं. रंग उकळून उकळून थकलेल्या चहाचा. पाकळ्या पिळलेल्या, त्यातली एक जिभेसारखी बाहेर लोंबत होती. मधोमध हिरवट गळा आ वासून होता, आणि प्रत्येक पाकळीच्या काठाला बारीक, वेडेवाकडे, पांढरे दात होते.

तिघी एकदमच एक पाऊल मागे सरल्या. मुसाभाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"दात! पुंडलिक, दात आलेत रे! अशा दातांसाठी लोक हयात घालवतात! आनि गळा बघ, काय अवाढव्य! रंग तर... असा गढूळ कुनाला जमला नाय आजवर!"

"असंच लिहून पाठवणार?" मनस्वीने हळूच विचारलं.

"असंच. आधी नाव, मग वर्णन. गळा मोठा, दात पुढे, रंग गढूळ."

गच्चीवर एकाएकी सभ्यता पसरली.

"वन्सं, मान तुमचाच," जनीबाई म्हणाल्या. "आत्या ती आत्या."

"नाय गो बाय, तू घरची लक्ष्मी. मी काय, पाहुनी."

"तुम्ही दोघी मोठ्या," मनस्वीने पदर सावरला. "मी सगळ्यांत लहान."

पुंडलिकरावांना गच्ची हातची जाताना दिसली. "जने, तू तरी घे गो! पाया पडतो!"

"नको. मला गच्ची पुरे."

शेवटी धर्मीबाईच पुढे झाल्या. फुलाला कान नव्हता, म्हणून त्याच्या गळ्यात तोंड घालून त्यांनी "कुर्र" केलं आणि जाहीर केलं, "पुंडलिक!"

"अक्का!"

"मग काय तर! तोंड कायम उघडं, दात पुढं, आनि सांज झाली की मान टाकतो. बापावर गेलाय."

तिघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. मुसाभाईंनी तिथल्या तिथे नाव पाठवून दिलं, आणि दुपारच्या आत निकेशने बापाच्या कुंड्या खाली आणल्या. खाली जागा नव्हतीच, म्हणून त्या फाटकाला खेटून मांडल्या. पुंडलिकराव प्रत्येक कुंडीमागे गेटपर्यंत चालत गेले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरं फूल उमललं. शेजारची ऋतुजा कडेवर बाळ घेऊन चालली होती, ती जागीच थबकली. "काकी, ह्यो काय अवतार गो?"

घरातल्या वस्तूला बाहेरच्याने हसलेलं जनीबाईंना खपत नसे. "दृष्टीचं फूल हाय," त्या ठोकून मोकळ्या झाल्या. "वाईट नजर याला बघूनच परत जाते."

महिनाभर रडणारं ते बाळ त्या दुपारी ढाराढूर झोपलं. संध्याकाळी ऋतुजा दारात हजर. "काकी, एक पुंडलिक द्या ना."

मग आळीला पुंडलिकाची गरज भासू लागली. नव्या स्कूटरला, दुभत्या म्हशीला, लग्न ठरलेल्या मुलीला. दारावरचे राक्षसाचे मुखवटे लोकांनी उतरवले. पण गड्डे फोडून रोपं वाढवायची तर ऊन लागतं, आणि फाटकाशी दिवसभर सावली. जनीबाईंनी दोन दिवस विचार केला आणि निकेशला फोन करून कुंड्या पुन्हा गच्चीवर चढवल्या. पापड त्यांनी शेजाऱ्यांच्या गच्च्यांवर पसरले. एका घराला एक पुंडलिक, बदल्यात उन्हाळाभर गच्ची, असा त्यांचा रोखठोक व्यवहार होता. पुंडलिकराव वर आपल्या कुंड्यांत रमले. मंडळाकडून कौतुकाची पत्रं येत, ती ते मोठ्याने वाचत आणि कुणी ऐकत नसे. माणूस सुखात होता.

दोन वर्षांत अख्खी आळी दात दाखवू लागली. एका दुपारी ऋतुजाने विचारलं, "काकी, दारोदार पुंडलिक लावलेत, आनि तुमच्याच दारात एक पन नाय?"

जनीबाईंनी ओट्याकडे बोट केलं. तिथे पुंडलिकराव खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून घोरत होते.

"आमचा बारमाही हाय," त्या म्हणाल्या.